पाचटावरचं पाऊल

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला सांगते — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी आष्टीची. ढोल वाजवते. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून एक सर आले आणि परतूरच्या एका मंगल कार्यालयात आम्हा सहा जणींची तालीम सुरू झाली. नव्या तऱ्हेचं संगीत होतं ते. वाजवणारीनं नुसतं वाजवायचं नाही; तिचं चालणं, वाकणं, दम लागणं — सगळं त्या संगीतातलंच. खाली उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, पसरलेला. पाऊल पडलं की वाजायचं.

आमच्यात सुरेखा होती, कुंभार पिंपळगावची. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या आणि ढोल. लहानपणीच्या तापानं तिचा डावा पाय बारीक झालेला, ओढत चालायची. पहिल्या दिवशी सर म्हणाले, वाजवत चाला. ती चालली. एक पाऊल टप्पकन, दुसरं पाचटावरून लांब, सरसरत — आणि वर तिचा ढोल.  प्रयोगातला मधला सगळा भाग सरांनी तिला दिला.

तो मला हवा होता. मी काय कमी वाजवत होते? माझे तर दोन्ही पाय धड — हेसुद्धा मनात आलं. आलं होतं, आता कशाला लपवू?

प्रयोगाला आठ दिवस होते. चहाच्या वेळी मी तिच्याजवळ बसले. अगदी मायेनं बसले. म्हटलं, "सुरेखा, वाईट नको वाटून घेऊ. पण पोरी तुझ्या पायाची नक्कल करून हसून राह्यल्या. सरांनी बी कीव करूनच घेतलंय तुला."

कुणी हसलं नव्हतं. एकदाही नाही.

 ती चहा पूर्ण प्याली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. घरी काम निघालं, असा निरोप आला. सरांचे फोन तिनं उचलले नाहीत. मग तो भाग माझ्याकडे आला. आणि — हे कसं सांगू? — सर म्हणाले, ते पाऊल तेवढं हवंच. मी शिकले. आरशासमोर उभं राहून पाय ओढायला शिकले.

जालन्याच्या प्रयोगाला सुरेखा आल्ती. मागच्या रांगेत बसलेली. टाळ्या थांबल्यावर ती पडद्यामागे आली आणि माझ्या पायाकडे बघत राहिली.

"माय, मंग हे लोकांला चालतंय व्हय?"

तेव्हा सांगता आलं असतं. जवळ कुणी नव्हतं. मी म्हटलं, "सोंग असलं की चालतंय. खरं असलं की न्हाई."

"बराबर हाये," ती म्हणाली, आणि गेली.

तिनं ढोल भावाला देऊन टाकला, असं नंतर वाटूरच्या एका बाईकडून कळलं. प्रयोग आम्ही अजून करतो. तो भाग मीच करते. लोक जवळ येऊन विचारतात, हे चालणं कुठून सुचलं?

मी म्हणते, सुचलं.