वर्गाकडे तोंड करून

शिकवायचं कसं हे शिकवणं, यासारखा कंटाळवाणा धंदा नाही, असं माझं मत अठरा वर्षं शाळेत काढल्यावर पक्कं झालं होतं. नेमका त्याच सुमारास तो धंदा माझ्या गळ्यात पडला. गिरण्यांचा संप सुरू होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. तो संपला असं कुणी सांगितलं नव्हतं, पण काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले होते आणि काहींचे आता कधीच वाजणार नाहीत, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. परळच्या एका संस्थेनं ठरवलं, की चाळीचाळींतून बालवाड्या काढायच्या आणि तिथं शिकवायला बाहेरच्या बाया न आणता चाळीतल्याच बायकांना तयार करायचं. कल्पना चांगली होती. चांगली कल्पना राबवायला आधीच दमलेलं एखादं माणूस लागतं, ते त्यांना माझ्यात सापडलं.

सकाळची माझी शाळा गिरगावात. ती सुटली की खोताच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या दोन खोल्यांत यायचं, उभ्याउभ्या दोन घास गिळायचे, बस धरायची आणि दोन वाजता परळला एका व्यायामशाळेच्या माडीवर हजर व्हायचं. खाली तालमीच्या मातीचा वास, वर आम्ही. सोळा बायका, एक फळा आणि एक पंखा. पंखा फिरायचा, वारा मात्र यायचा नाही.

बायका दोनला यायच्या त्या पहाटेपासूनची कामं उपसून. कुणाचा नवरा गावी शेतावर निघून गेलेला, कुणाची खानावळ गिऱ्हाइकं गावाला गेल्यामुळं बंद पडलेली. एक कोळीवाड्यातली होती, ती सकाळचा बाजार उरकून, हात लिंबानं चोळून यायची. बालमानसशास्त्राच्या तासाला अर्धा वर्ग उघड्या डोळ्यांनी झोपलेला असायचा. मीही उठवायची नाही. खरं सांगायचं तर शिकवता शिकवता मलाच डुलकी येईल की काय, अशी भीती वाटायची.

अभ्यासक्रम वरून आला होता. ज्यांनी तो केला होता ते कधी चाळीचा जिना चढले असतील असं वाटत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार. त्यातलं सगळ्यात मोठं प्रस्थ म्हणजे टाचणवही. प्रत्येक तासाचं आधी टाचण काढायचं. पानावर चार रकाने: उद्देश, साहित्य, शिक्षिका काय विचारणार आणि मुलं काय उत्तर देणार. मुलं काय म्हणणार हे आदल्या दिवशीच लिहून ठेवायचं, ही गोष्ट मला आजही थोर वाटते. पण मी स्वतः तशीच शिकले होते, आणि सोळा बायकांना तेच शिकवत होते.

त्यांच्यात वयानं मोठी अशी एकच होती, जवळजवळ माझ्या वयाची. वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची आणि तिथून चालत यायची. सातवी झालेली. सोळाव्या वर्षी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागली, ते संपापर्यंत. बाबिनीवरचा धागा मोठ्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, भरला जायचा, आणि तो तुटला की क्षणात गाठ मारून पुन्हा चालू करायचा, हे तिचं काम. गिरणी थोडी माणसं घेऊन पुन्हा सुरू झाली तेव्हा तिच्या खात्यातल्या एकाही बाईला परत घेतलं नाही. नवराही त्याच गिरणीत होता. तो आता दिवसभर गॅलरीत बसून असायचा.

पहिल्याच दिवशी तास संपल्यावर ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "बाई, आमच्या चाळीतली बालवाडी मला पायजे. जे येत होतं ते बंद पडलं. दुसरं काय येत नाय मला. तुमी शिकवा."

इतकं सरळ मागणं मला कुणी घातलं नव्हतं. संस्थेचा नियम असा होता, की शेवटी बाहेरचे परीक्षक येणार, मुलांसमोर अर्ध्या तासाचा एक पाठ घ्यायला लावणार, आणि त्यात जी पास होईल तिलाच बालवाडी मिळणार. म्हणजे सगळं त्या अर्ध्या तासावर होतं. मी म्हटलं, "शिकवते की."

दिवाळीनंतर सरावाचे तास सुरू झाले. मी चाळीचाळीत जाऊन एकेकीचा तास बघायची. तिच्या चाळीत गेले तेव्हा तळमजल्याच्या रिकाम्या खोलीत वीसेक मुलं होती. मी पुढं दाराशी स्टुलावर बसले, आणि ती बया माझ्याकडे तोंड करून आणि मुलांकडे पाठ करून जमिनीवर बसली. मला वाटलं, घाबरली. तिनं मांडीवर पाटी घेतली. मुलं आपणहून उठली आणि तिच्या पाठीमागं, खांद्यांवरून वाकून, एकमेकांना रेटत उभी राहिली. तिनं पेन्सिल टेकवली आणि अगदी सावकाश ‘ग’ काढला. पुसला. पुन्हा काढला. तोंडातून एक शब्द नाही. तिसऱ्यांदा काढता काढता अर्ध्यावर थांबली आणि पेन्सिल खांद्यावरून मागं धरली. एका मुलीनं ती घेतली, पुढं वाकली आणि उरलेला ‘ग’ पुरा केला. मग दुसरीनं. अर्ध्या तासात त्या खोलीत कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही, आणि बहुतेक सगळ्यांचा ‘ग’ आला. माझ्या अठरा वर्षांत असा वर्ग मी पाहिला नव्हता.

मुलं गेल्यावर मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "बाई, खात्यात कायच ऐकू येत नाय. एवढा आवाज. नवी बाई आली की तिने जुनीच्या मागं उभं रवायचं आणि हात बघायचे. समोर उभी रवली तर हात उलटे दिसतात ना. मग जुनी मधेच गाठ सोडून बाजूला सरकते. नवीने पुरी करायची. मी असंच शिकले, पुढं धा-बारा जणींना असंच शिकवलं."

त्या संध्याकाळी मी घरी येईपर्यंत पायांचं दुखणं विसरले होते. जेवताना नवऱ्याला पेन्सिल खांद्यावरून कशी मागं धरायची ते करूनही दाखवलं. मी खूश होते, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं मी जे केलं ते न कळून केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

दोन दिवसांनी टाचणवही तपासायला घेतली. तिच्या पानावरचे शेवटचे दोन रकाने कोरे होते. ती काही विचारतच नव्हती, तर मुलं काय उत्तर देणार? परीक्षकांच्या गुणपत्रिकेत पहिलीच ओळ होती: शिक्षिकेचे वर्गाकडे लक्ष व दृष्टी. दुसरी: प्रश्न विचारण्याचे कौशल्य. मला दोन वाटा होत्या. संस्थेच्या आणि परीक्षा मंडळाच्या कचेऱ्यांत खेटे घालून, ही बाई अशी शिकवते आणि ते उत्तम आहे, हे पटवायचं. किंवा तिला बदलायचं. कचेऱ्यांतल्या बाकड्यांची मला आठवण आली. तिला बदलणं सोपं होतं. ती ऐकणारी होती.

मी म्हटलं, "परीक्षेपुरतं वर्गाकडे तोंड करून बसा. आणि प्रश्न विचारा."

"काय इचारू?"

"हातात वांगं धरायचं आणि विचारायचं, हे काय आहे?"

"पण मला ठाव हाय ना, ते वांगं हाय."

"मुलांना माहीत आहे का ते बघायचं असतं."

"पोरांना पण ठाव हाय," ती म्हणाली. बाकीच्या हसल्या. मीही हसले आणि म्हटलं, "तरी विचारायचं."

तीन आठवडे मी तिच्याकडून ते घोटून घेतलं. बाकीच्या पंधराजणींना मुलं करून समोर बसवलं. त्या झकास मुलं झाल्या. हात वर करायच्या, एका सुरात "वांगं" म्हणायच्या. ती आधी अडखळायची, मग जमू लागलं. एवढं घोटलं, पण तिच्या खऱ्या मुलांसमोर हे एकदाही करून बघावं, असं मला सुचलं नाही. वरळीपर्यंत पुन्हा जायचा कंटाळा, हेच त्याचं खरं कारण.

परीक्षेला परीक्षक आले, धोतर-कोट, सभ्य गृहस्थ. तिच्या चाळीतली मुलं नेहमीच्याच खोलीत बसवली होती. ती इस्त्रीची साडी नेसून आली, वर्गाकडे तोंड करून उभी राहिली आणि वांगं वर धरून स्पष्ट आवाजात म्हणाली, "मुलांनो, हे काय आहे?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. त्यांनी तिच्या तोंडून असलं काही ऐकलंच नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा पुढची एक मुलगी काळजीनं म्हणाली, "काकी, वांगं हाय ते." आजारी माणसाशी बोलतात तशी. मग मुलांनी नेहमीचं केलं. काकीच्या हातात काहीतरी आहे म्हणजे मागं जाऊन बघायचं. सगळी उठून तिच्या पाठीमागं गेली.

ती वळली. मुलं तिच्या मागं गेली. ती पुन्हा वळली, मुलं पुन्हा फिरली. माझ्याकडे बघत ती हळू आवाजात "समोर बसा, समोर" म्हणत होती, आणि मुलांना वाटलं हा नवा खेळ आहे. सगळी हसायला लागली. खोलीच्या मधोमध वांगं हातात घेऊन ती बाई गोल फिरत राहिली आणि वीस मुलं तिच्या पाठोपाठ. परीक्षकही मिशीत हसले. मला मात्र दाराबाहेर पळून जावंसं वाटत होतं.

संपल्यावर त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "बाई, हा काय प्रकार? यांची काही तयारी झालेली दिसत नाही."

ती हातभरावर उभी होती. वांगं अजून हातातच होतं. मी सांगू शकले असते, की साहेब, ही वेगळ्या रीतीनं शिकवते, फार छान शिकवते. तिला मी वळवलं, चूक माझी आहे. पाच मिनिटं द्या, तिच्या पद्धतीनं घेऊ द्या. माणूस सभ्य होता, कदाचित त्यानं ऐकलंही असतं. पण अजून चार जणींच्या परीक्षा व्हायच्या होत्या, ऊन चढलं होतं, आणि एवढं सगळं समजावून सांगायला मला अंगात त्राण वाटेना. शिवाय माझ्या कामाला नाव ठेवलं जाईल, ही भीती होतीच. मी म्हटलं, "त्यांचा सराव जरा कमी पडला."

ती नापास झाली. त्या चाळीची बालवाडी दादरहून येणाऱ्या एका मुलीला मिळाली. तीही माझ्याच वर्गातली, हुशार, चारी रकाने भरणारी.

मला चैन पडेना. लाज वाटत होती, दुसरा शब्द नाही. ज्या कचेऱ्यांचा मला कंटाळा होता तिथं आता मी तीन-चार वेळा जाऊन बसले आणि अखेर तिच्यासाठी फेरपरीक्षा मंजूर करून आणली. नायगावला एक नवी बालवाडी निघणार होती, ही बाई पास झाल्यास ती तिला द्यायची, असंही कबूल करून घेतलं. फॉर्म घेऊन दुपारी तिच्या चाळीत गेले. ती जमिनीवर बसून तयार शर्टांचे लोंबते धागे कात्रीनं कापत होती. शेजारी शर्टांचा ढीग. नवरा गॅलरीत. तिनं मला बसायला पाट दिला, चहा टाकला. मी सगळं सांगितलं. तिनं फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला.

"परत समोर तोंड करूनच घ्यायचं?"

"हो. ते तसंच आहे."

"म्हणजे परत पोरं मागं जातील," ती म्हणाली. रागावलेली नव्हती, हिशेबानं, एकेक पायरी लावून बोलत होती. "मग साहेब तुमाला इचारतील, हा काय प्रकार. मग तुमी काय सांगाल, बाई?"

चहा उकळून वर आला. तिनं उठून स्टो बारीक केला आणि माझ्या उत्तरासाठी उभी राहिली. खरं सांगेन, या खेपेला खरं तेच सांगेन, हे वाक्य माझ्या मनात तयार होतं. तेच सांगायला मी आले होते. पण तिच्याकडे बघताना मला त्या खोलीतलं ऊन आठवलं, तो कागद, तो सभ्य माणूस, आणि माझी मलाच खात्री वाटेना.

मी म्हटलं, "बघू."

तिनं मान हलवली. फॉर्म माझ्या पर्सवर ठेवला, कपात चहा ओतून मला दिला आणि पुढचा शर्ट उचलला.