शिवेचा दगड

खाचरबाबांना इमारती दिसायच्याच नाहीत. बोरिवलीतली आमची पाच मजली सोसायटी म्हणजे त्यांच्या लेखी भाताचं खाचर, आणि आम्ही सगळे त्यात उगवलेलं तण! “पोरी, तुजा किचन हाय ना, तितं आमी राब भाजायचो,” असं पहिल्याच भेटीत म्हणाले. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, तो राब. घरी येऊन मी ओट्याकडे अपराध्यासारखी बघत राहिले.

बाबा मागच्या गावठाणात राहायचे. गावाचा इतिहास त्यांना तोंडपाठ, आणि तो कुठेही लिहिलेला नाही. पणजोबांबरोबर सात घरं आली, रान तोडलं, आणि पहिला नांगर धरण्याआधी शिवेवर दगड पुरला. तिथे दरवर्षी पेरणीआधी नारळ. शेवटचं खाचर विकून जमाना झाला, तरी मे संपताना बाबा आमच्या पार्किंगमध्ये हजर! दोन स्कूटरच्या मधे त्या दगडावर वाकून नारळ फोडायचे. “आता कसली पेरणी, बाबा?” मी एकदा चिडवलं. “पेरणी गेली, शीव हाय ना!” फाडकन उत्तर आलं. खोबरं आधी वॉचमनला, मग मला.

मग रीडेव्हलपमेंट आली. सेक्रेटरी मीच. “तेवडा दगड हलवू देऊ नको,” बाबा म्हणाले. त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट, आणि मी शहाणी म्हणाले, “मी आहे ना!” डोंबलाची आहे! मीटिंगमध्ये लोक हसले. बिल्डर म्हणाला, “मॅडम, लॉबीत बसवू, वर लाइट टाकू, झकास दिसेल.” बाबांना सांगितलं तर म्हणाले, “शीव लॉबीत कशी येल गं?” खाली दोन मजले खोदायचे होते. मी सही केली. शेवटी लॉबीपुरताही तो उरला नाही, जेसीबीने डेब्रिसबरोबर उचलला. मी तेव्हा ऑफिसात होते.

मेअखेरीस साइटवर गेले, तर पत्र्यांबाहेर बाबा पिशवीत नारळ घेऊन उभे. आत सोडेनात. बिल्डरच्या नव्या वॉचमनशी भांडून मी त्यांना आत नेलं. समोर नुसता खड्डा. “दाखव, कुठं फोडू?” माझ्या फोनमध्ये सगळे मंजूर नकाशे होते, पण मला एक कोपरा दाखवता येईना. इतकी लाज वाटली की रडूही येईना.

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नारळ माझ्याच हातात दिला. “तूच फोड गं कुठंतरी. आता गाव तुमचा.”

बाबा श्रावणात गेले. नारळ अजून माझ्या भाड्याच्या घरात, फ्रिजवर आहे. फोडायला जागा सापडत नाही.