काकांची पुढे आलेली खिडकी

दुकान उघडलं की काका आधी खिडकीच्या काचा पुसत; जुन्या बनियनच्या तुकड्याने, आतून आणि बाहेरून. ही खिडकी आजोबांनी दुकानाच्या तोंडाशी हातभर रस्त्यावर काढलेली. त्या काचेच्या पेटीत बसून काका घड्याळं दुरुस्त करत. दिव्याखाली पितळ चकाकतं, चाकांचे दात नीट दिसत नाहीत, म्हणून त्यांना दिवसाचाच उजेड लागे. काम मात्र सावकाश. समोरचा बुकबाइंडर त्यांना ‘तासकाटा’ म्हणायचा.

“काय रे तासकाट्या, माझं घड्याळ या जन्मात मिळेल ना?”

“मिळेल की. तू तेवढा टिकून राहा,” काका मान वर न करता म्हणत.

जुन्या पेठेचं नूतनीकरण ठरलं, तेव्हा मूळच्या दगडी कमानींवर नंतर चढवलेलं सगळं उतरवायचं ठरलं. फळ्या, पत्रे आणि काकांची खिडकीसुद्धा. सभेत काका उभे राहिले. “मला कमान नको, उजेड हवाय. तो गेला की माझं दुकान बंद.” आर्किटेक्ट बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पण नियम सगळ्यांना एकच होता.

खिडकी उतरवली त्या दिवशी काका बुकबाइंडरकडे जाऊन बसले. इकडे गवंड्यांनी वरच्या फळ्या उपटल्या आणि कमानीच्या माथ्याशी अर्धगोल काच निघाली. उन्हाने तबकड्या पिवळ्या पडतात म्हणून आजोबांनीच ती कधीकाळी झाकली होती. उजेड थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

“काखेत कळसा न् गावाला वळसा!” काकू हसल्या. “मामंजींनी आधी उजेड बुजवला, मग तो शोधायला रस्त्यावर गेले!”

काकांनी टेबल मागच्या भिंतीशी नेलं. उजेड पहिल्यापेक्षा चांगला आहे, हे त्यांनी कबूल केलं. पण तो डोळ्यांत न जाता हातांवर पडायचा तर दाराकडे पाठ करून बसावं लागे. रस्ता दिसेनासा झाला. कोण आलं ते आवाजावरून ओळखायचं, आणि त्यात ते चुकत. एकदा बुकबाइंडर समजून वीजबिलवाल्यालाच “ये रे गाढवा” म्हणून बसले.

त्याच वर्षी ते गेले. त्याआधी काही दिवस मी डबा घेऊन गेले होते. दारातूनच हाक मारली. त्यांचे हात थांबले नाहीत.

“मागून बोलू नकोस गं,” ते म्हणाले. “पुढे येऊन बस.”