जानेफळच्या बाजारात मोठ्या बाईंचा टाक

मार्गशीर्ष वद्य पंचमी, जानेफळचा बाजारवार. हजर माणसं: मी, माझी धाकटी बहीण, आणि बैलांपाशी थांबलेला आमचा गाडीवान.

आम्ही निजामाच्या मोगलाईतले. जानेफळ आमच्यापासून एका दिवसाच्या गाडीवाटेवर, पण ते इंग्रजांच्या वऱ्हाडात. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, तिथं पोतं न् पोतं सोडून दाखवायचं. म्हणजे परमुलूखच. तिथं बहिणीला बिजवराला देऊन वर्ष होत आलं होतं. ती वाळत चालल्याचा निरोप आला आणि आईनं मला धाडलं. माझ्या यादीत पहिलं काम तेच: ती का जेवत नाही ते पाहणं आणि तिला जेवती करणं. सासूपुढं ती तोंड उघडेना, म्हणून बाजाराच्या निमित्तानं बाहेर काढली.

बाजार उसळत होता. बोरांच्या पाट्या, पेरूंचे ढीग, हरभऱ्याच्या हिरव्या घाट्यांच्या जुड्या, भज्यांच्या कढईभोवती ही गर्दी. बहिणीच्या गळ्यात मंगळसूत्राखाली चांदीचा टाक होता, वारलेल्या सवतीचा, त्या घरच्या मोठ्या बाईचा. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं तो घालावा, जेवताना पहिला घास त्याला दाखवावा, ही रीत आमच्याकडेही आहे. त्यात मला वावगं काही वाटलं नाही.

बोरंवाल्या म्हातारीनं एक बोर पुढं केलं. बहिणीच्या तोंडाकडं तिनं पाहिलंच नाही, टाकाकडं पाहिलं.

"मोठ्या बाईले विचार वं आधी."

बहिणीनं बोर टाकाला लावलं. मान जराशी वाकडी करून थांबली, आतल्या खोलीतून कुणी बोलत असल्यासारखी. मग बोर पाटीत परत ठेवलं.

"नाही म्हणते."

"काऊन? मागच्या बाजारी तं मागून घेतली तिनं," म्हातारी म्हणाली. चेष्टेचा सूर नव्हता.

पुढच्या बागवानानं आम्हाला पाहताच पेरूंवर फडकं ओढलं. "छोटी बाई, तुमी उगा थांबू नका. त्याईले पेरू जमतच नाई."

सात ठिकाणं झाली, बहिणीच्या पोटात दोन रेवड्या गेल्या. लहानपणी भज्यांसाठी ती माझ्याशी मारामारी करायची. मी द्रोण तिच्या हातात दिला. टाकाला लावून तिनं तोही खाली ठेवला.

"तिला तिखट चालत नाही, आक्का."

"तिला ना? तू खा मुकाट्यानं."

"मग तू घाल हा. बाजार होईस्तोवर."

टाक मीच काढून माझ्या गळ्यात घातला. बहिणीनं भजी खाल्ली. दोन द्रोण, वर तळलेल्या मिरच्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना.

"हळू हो बाई, कढई तं ठेवा माह्यासाठी," भजीवाला म्हणाला. ती हसली. काम झालं असं मी धरलं.

उरलेला बाजार मी भरभर उरकायला घेतला. आईसाठी मिरची हवी होती. मिरचीवालीनं चिमूटभर पूड माझ्या तळहातावर ठेवली आणि माझा हात तोंडाआधी गळ्याशी गेला. मी थांबले. किती वेळ, सांगता यायचं नाही. शेजारी बहीण पेरू खात माझ्याकडं पाहत उभी होती.

"काय म्हणते?"

"नको म्हणते," मी म्हणाले.

मिरची घेतली नाही.

बहिणीला तिच्या दारात सोडताना तिनं टाक मागितला नाही आणि मलाही काढायचं सुचलं नाही. नाक्यावर कारकुनानं विचारलं, आणखी काय आहे? मी यादी वाचून दाखवली: गूळ, शेंगा, रेवड्या. एवढंच, म्हणाले. आपण काही लपवतोय असं वाटलंसुद्धा नाही.

आता बहीण भरल्यासारखी दिसते, असा निरोप येतो. आई खूश आहे. सासरी तिनं टाकाचं काय सांगितलं, ते कळलं नाही. तो परत तिच्या गळ्यात गेला की ती पुन्हा वाळेल, हे मला दिसतं. इथं माझ्या सणाच्या चोळ्या मला सैल व्हायला लागल्यात, तेही दिसतं. दर बाजारवारी मी गाडी जुंपायला सांगते, मान वाकडी करून जरा थांबते, आणि बैल सोडायला लावते.

टाक जानेफळला नेऊन द्यायचा आहे.