लाल रेघेतलं घर

काल मुळशीला जाताना वाटेतल्या बाजारगावी ओढ्याच्या पुलावर गाडी थांबवली. खाली उतरलो आणि नाकाला रुमाल लावावा लागला... चाळीस वर्षांपूर्वीही लागायचा.

ऐंशीच्या दशकात मी तिथल्या एका सरकारी कचेरीत ज्युनिअर क्लार्क होतो. पेठेतली सगळी गटारं त्या ओढ्यात सुटायची. पावसाळ्यात ओढा तुंबला की तेच पाणी घरांत शिरायचं, विहिरीत उतरायचं.

एका वर्षी त्या विहिरीच्या पाण्याने कावीळ पसरली. ओढ्याकाठच्या हलिमाचाचींची एकुलती एक मुलगी त्यात गेली... लग्न ठरलेलं होतं तिचं. चाची विधवा, लोकांचे कपडे शिवून पोट भरायच्या.

मुलीचा चाळिसावा दिवस झाला आणि त्या माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊसाहेब, मला लिवता येत न्हाई. ओढा साफ करा म्हनून अर्ज लिवून द्या."

मी दिला लिहून. मग दुसरा, तिसरा... तीन वर्षं त्या येत राहिल्या आणि मी लिहीत राहिलो. अक्षर चांगलं होतं माझं, थोडा अभिमानही होता.

शेवटी एका वैशाखात मंजुरी आली. ओढा खोल आणि रुंद करायचा, आड येणारी काठावरची पाच घरं काढायची. सोबतच्या नकाशावर लाल रेघ मारलेली होती... आणि त्या रेघेत चाचींचं घर होतं.

साहेब म्हणाले, नोटिसा निघेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. मी बोललो नाही. त्या महिन्यात चाची दोनदा भेटल्या, मी दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून सटकलो.

नोटीस मिळाली तशी त्या ती घेऊन माझ्याकडेच आल्या. त्यांना वाटलं, अर्जाचं उत्तर आलं. "वाचा की भाऊसाहेब. करत्यात का ओढा साफ?"

"करतात, चाची. पण तुमचं घर पाडावं लागणार. आठ दिवसांत खाली करायचंय."

त्यांनी कागद घडी करून पदरात बांधला. मग विचारलं, "तुमाला आदी ठाव व्हतं?"

मी हो म्हणालो.

"मग सांगायचं व्हतं. उन्हाळ्यात कौलं तरी धड उतरवली असती... आता पावसाच्या तोंडावर कुटं जाऊ?" आवाज चढला नाही त्यांचा. मला तो चढलेला परवडला असता.

घरं पाडली त्या दिवशी नोंदी घ्यायला मीच होतो. बाकीची चार घरं चाचींशी बोलायची बंद झाली होती... हिच्या अर्जांनी आमचं छप्पर गेलं म्हणत. मुठा गावाहून आलेला त्यांचा भाचा एकटाच सामान बाहेर काढत होता. चाची भिजत बसल्या होत्या, शिवणयंत्रावर गोणपाट धरून.

मोठा पाऊस लागायच्या आत ओढा खोदून झाला. पर्यायी जागा मिळेपर्यंत पाचही कुटुंबांना माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. चाचींनी तिथे अख्खा पावसाळा काढला. छातीत कफ भरला, तेव्हा भाचा त्यांना मुठ्याला घेऊन गेला. पुढच्या होळीच्या सुमारास त्या वारल्या.

जागेचं पत्र त्यानंतर आलं. टपालाने न पाठवता मी स्वतः मुठ्याला गेलो. भाच्याने ते न उघडताच फळीवर ठेवलं, मला चहा दिला.

निघताना म्हणाला, "आत्या सारखी इचारायची, औंदा पेठंत पानी शिरलं का म्हनून. न्हाई म्हनलं, की गप पडून ऱ्हायची."

खरंच नव्हतं शिरलं, त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. गटारं मात्र आजही तिथेच सुटतात... ती दुसरीकडे वळवायची मंजुरी कधी आली नाही.

नोकरीत मी हजारो कागद लिहिले. एक वाक्य वेळेवर तोंडाने सांगायचं होतं, ते राहिलं. पेठेतली माणसं आज कोरड्या घरांत झोपतात ती हलिमाचाचींमुळे... हे निदान इथे तरी लिहून ठेवतो.