वरमाला वाळवायचा उद्योग

दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका कसे. आमच्या अख्ख्या आळीत ही गोष्ट फिरत्येय!

मे महिन्यात आमच्या सईचं लग्न झालं. इथंच, रत्नागिरीत. निघताना पोरगी रडता रडता म्हणाली, "बाबा, माझा हार नीट वाळवून ठेवा हं. पुण्यात एक मुलगी काचेसारख्या पारदर्शक फ्रेममध्ये फुलं कायमची बसवून देते. फक्त ओलावा अज्जिबात नको!"

ओलावा नको? रत्नागिरीत? अहो, इथं बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं!

पण बापाचं काळीज. हॉलच्या गडबडीत स्टेजमागच्या खुर्चीवरचा हार उचलला आणि पिशवीत घातला. गुलाबपाण्याचा काय घमघमाट होता! ओलावा शोषणारे ते पांढरे दाणे मागवले, हिचा चकल्यांचा मोठा डबा घेतला आणि हार त्यात पुरला.

"माझा डबा!" ही ओरडली. "आता चकल्या काय तुमच्या डोक्यावर ठेवू?"

"लेकीची आठवण मोठी की चकल्या?"

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

दोन आठवड्यांनी डबा उघडला आणि काय सांगू! गुलाब लालभडक, निशिगंध पांढराशुभ्र! पाकळीला सुरकुती म्हणून नाही!

ही वाकून बघायला लागली. "अहो, फुलं जरा जास्तच ताजी नाही वाटत?"

"तुला मेलं कौतुक म्हणून करवत नाही!"

मी फोटो काढून आळीच्या ग्रुपवर टाकला. झालं! माणसं बघायला यायला लागली. मीही त्यांना बसवून समजावत होतो, "ओलावा हा फुलाचा शत्रू. हात हलका पाहिजे, हात!"

शेजारच्या सावंतवहिनी सुनेचा हार घेऊन आल्या. "भावोजी, एवढा आमचाही करा हो."

केला. त्याच डब्यात, त्याच दाण्यांत. बाहेर काढला तर सुक्या बोंबलासारखा! तपकिरी, चुरगळलेला. आता ह्यांना काय सांगायचं?

"वहिनी," मी गंभीरपणे म्हटलं, "तुमचा मालच हलका होता."

बिचाऱ्या हार पदराखाली घेऊन घरी गेल्या.

सईचा हार मी पुण्याला पाठवला. चार दिवसांनी फ्रेमवाल्या मुलीचा फोन आला. घरात सावंतवहिनी, ही, आणखी दोघं-तिघं. म्हटलं, कौतुक सगळ्यांना ऐकू दे. स्पीकर लावला!

"काका, हार मिळाला. पण खरा कधी पाठवताय?"

"खरा म्हणजे?"

"हा कापडाचा आहे ना! मागे चिठ्ठी शिवलीय. 'साबणाने धुवू नये.'"

मी स्पीकर बंद करायला धडपडलो, पण बटणच सापडेना.

मग सावंतवहिनी सावकाश म्हणाल्या, "म्हणजे भावोजी, आमचा माल खरा होता म्हणायचा!"

हिने तोंडाला पदर लावला. खांदे गदागदा हलत होते. रडत नव्हती, हे मी खात्रीने सांगतो.

हॉलच्या सजावटवाल्याला फोन केला तर तोच माझ्यावर उखडला! "तो आमचा स्टेजचा हार होता! महिनाभर शोधतोय आम्ही!" आणि सईचा? तो लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी केरात गेला.

आता लेकीला कसं सांगायचं? शेवटी धीर करून सांगितलं.

पलीकडून एकदम फिस्सकन हसू! "बाबा, तोच फ्रेम करून घेते मी. सजावटवाल्याला तुम्ही नवा घेऊन द्या."

गेल्या आठवड्यात सईकडे पुण्याला गेलो. दिवाणखान्यात मधोमध ती फ्रेम, आणि खाली सोनेरी अक्षरांत, 'बाबांनी स्वतः वाळवलेला'. तेवढ्यात पाहुणे आले. त्यांतल्या एक बाई फ्रेमजवळ जाऊन निरखून बघायला लागल्या.

आमचे जावई अतिशय नम्रपणे म्हणाले, "मावशी, बघण्यासारखं तिकडे काही नाही." आणि माझ्याकडे हात करून, "हे बघा, कापडाची फुलं वाळवणारे हे इथे बसलेत!"