तीर्थाबरोबर घेतलेली गोळी

मंडळी, आज मी ज्याच्या त्याच्यावर संशय घेत फिरलोय.

हरतालिकेपासून आईला गिळताना छातीच्या मधोमध दुखत होतं. चहाच्या घोटानेही आग व्हायची. पहिला संशय मला नामपल्लीहून मीच आणलेल्या मिरची भज्यांचा. आज आबिड्सच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून तपासायचं म्हटल्यावर मनात पाल चुकचुकली. भज्यांसाठी दुर्बीण? नसती तपासणी आपल्या माथी मारतायत.

आत अन्ननलिकेला जखम निघाली. डॉक्टरांनी आईला विचारलं, "अम्मा, हड्डी की गोली कैसा खाए?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी निर्जळी उपवास होता रे. पळीभर तीर्थाबरोबर घेतली आणि आडवी झाले."

हाडांची ही गोळी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचं असतं. आईची गोळी अन्ननलिकेतच अडकली आणि तिथेच विरघळली. आता ती गोळी बंद, आम्ल कमी करायचं औषध सुरू, आणि काही दिवस मऊ, गार जेवण.

रिक्षात आई पुटपुटली, "तीर्थ कधी कुणाला बाधलंय? डॉक्टरच काहीतरी लपवतोय."

मला मात्र आता आमच्याच घराचा संशय येतोय. बाबांच्या गोळीबरोबर आई रोज पेलाभर पाणी स्वतः नेऊन देते. तिची गोळी ती कशाबरोबर घेते, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

तुमच्या घरी आईला पाणी कोण देतं?